न वाढणारा, न घटणारा रोध : रेणूंचे अर्धधातू वीज कशी वाहतात

विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या मुलाला वीज वाहणाऱ्या आणि न वाहणाऱ्या वस्तूंची विभागणी शाळेत जाण्याआधीच ठाऊक झालेली असते. खांबावरची ॲल्युमिनियमची तार आणि मोटारीच्या वाइंडिंगमधले तांबे हे वाहक. वायरवरचे प्लॅस्टिक, पीव्हीसी पाइप आणि कोरडे लाकूड हे निरोधक. याच दुसऱ्या गटात पिकावरच्या भुरीसाठी फवारायचे गंधक येते, कपाटातल्या डांबर गोळ्या येतात आणि देवघरातला कापूरही येतो. हे तिन्ही पदार्थ रेणूंचे स्फटिक आहेत. त्यांच्यातला प्रत्येक रेणू आपले इलेक्ट्रॉन स्वतःपाशी घट्ट धरून असतो आणि शेजारच्या रेणूशी त्याचा संबंध दुबळ्या आकर्षणापुरताच असतो. अशा पदार्थातून वीज वाहणार नाही हे अनुमान रास्तच आहे. तरीही गेल्या सुमारे सत्तर वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी असे रेणू घडवले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत गंधकाचेच अणू मोक्याच्या जागी बसवलेले आहेत, की ज्यांचे स्फटिक धातूसारखी वीज वाहून नेतात. त्यांतले काही मात्र धड धातूही नाहीत आणि धड अर्धवाहकही नाहीत. त्यांना रेणवीय अर्धधातू म्हणतात, आणि त्यांचा अभ्यास करू लागल्यावर रोध या नेहमीच्या राशीबद्दलच नव्याने विचार करावा लागतो.

पदार्थाची विद्युतवाहकता दोन स्वतंत्र गोष्टींच्या गुणाकारातून येते. पहिली गोष्ट म्हणजे एक घन सेंटीमीटरमध्ये विद्युतभार वाहून नेण्यास मोकळे असलेले वाहक किती आहेत ती संख्या, आणि दुसरी म्हणजे विद्युतदाब लावल्यावर त्यांतला प्रत्येक वाहक किती सहजपणे पुढे सरकतो ती चलनक्षमता. कापसाच्या हंगामात जिनिंगवर दिवसाकाठी किती कापूस पोचतो हे जसे रस्त्यावर बंड्या किती आहेत आणि प्रत्येक बंडी किती वेगाने चालते या दोहोंवर ठरते, तसेच हे आहे. आणि नुसता पोचलेला कापूस मोजून त्या दोहोंपैकी काय बदलले हे कोणालाही सांगता येणार नाही. मल्टिमीटरवर दिसणारा रोधाचा आकडा हा असा पोचलेल्या कापसाचा आकडा आहे. एरवी यामुळे अडत नाही, कारण ओळखीच्या पदार्थांत या दोहोंपैकी एकच गोष्ट ठळकपणे बदलते.

तांबे किंवा ॲल्युमिनियम घ्या. तांब्याच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे ८.५ × १०²² मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि तापमान काहीही असले तरी ही संख्या जवळजवळ तेवढीच राहते. बदलते ती चलनक्षमता, कारण धातू तापला की त्याच्या अणूंची थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉन अधिक वेळा विखुरले जातात. ॲल्युमिनियमचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून २० अंशांवरची तार मे महिन्याच्या उन्हात आणि स्वतःमधल्या प्रवाहाने तापून ६० अंशांवर गेली तर तिचा रोध साधारण १६ टक्क्यांनी वाढलेला असतो. शुद्ध सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात उलट घडते. तेथे वाहकांची संख्या तापमानाबरोबर झपाट्याने वाढते आणि तिच्यापुढे चलनक्षमतेतली घट किरकोळ ठरते, म्हणून तापल्यावर रोध उतरतो. पाठ्यपुस्तके या दोन ओळींवर थांबतात, आणि शालेय गरजेपुरते ते पुरेसेही आहे. अर्धधातूंच्या बाबतीत मात्र या दोन ओळी अपुऱ्या पडतात.

अर्धधातू म्हणजे काय, हे समजण्यासाठी स्फटिकात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची मांडणी कशी असते ते पाहावे लागेल. एकट्या अणूत किंवा रेणूत इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते. तसे असंख्य रेणू शेजारी शेजारी आले की प्रत्येक पातळी पसरते आणि तिचा एक पट्टा बनतो. शेजाऱ्यांचे इलेक्ट्रॉनमेघ एकमेकांत जितके अधिक मिसळतील तितका पट्टा रुंद. पूर्ण भरलेल्या पट्ट्यातून प्रवाह निघत नाही, कारण एका दिशेने जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे उलट दिशेने जाणारा एक इलेक्ट्रॉन असतोच आणि ही बरोबरी मोडण्यासाठी रिकामी जागा उरलेली नसते. भरलेला पट्टा आणि त्याच्या वरचा रिकामा पट्टा यांच्यात मोठे अंतर असेल तर पदार्थ निरोधक होतो, आणि लहान अंतर असेल तर अर्धवाहक. अंतर शून्याच्याही खाली गेले, म्हणजे खालच्या पट्ट्याचा माथा वरच्या पट्ट्याच्या तळापेक्षा किंचित उंच झाला, की खालचे थोडे इलेक्ट्रॉन आपोआप वर जातात आणि खाली तेवढ्याच रिकाम्या जागा सोडतात. या रिकाम्या जागा धनभारित कणांप्रमाणे वागतात आणि त्यांना होल म्हणतात. असा, पट्टे जेमतेम एकमेकांवर चढलेला पदार्थ म्हणजे अर्धधातू. वर गेलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन खालूनच आलेला असल्यामुळे शुद्ध अर्धधातूत इलेक्ट्रॉन आणि होल समसमान असतात, आणि वीज दोघेही वाहून नेतात.

मूलद्रव्यांत याचे सर्वांत चांगले उदाहरण बिस्मथ आहे. अतिशीत अवस्थेत त्याच्या जवळपास १ लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन सापडतो. तरीही खोलीच्या तापमानाला बिस्मथची वाहकता तांब्याच्या साधारण सत्तर-ऐंशी पटींनीच कमी भरते, कारण त्याच्यातले मोजके वाहक फार सहजपणे सरकतात. बिस्मथ थंड करत गेल्यास वाहक घटतात, पण चलनक्षमता त्याहून वेगाने वाढते, म्हणून एकूण रोध धातूप्रमाणे उतरतो आणि वरवर पाहणाऱ्याला तो साधा धातूच वाटतो. दुसरे उदाहरण प्रत्येकाच्या दप्तरात आहे. ६बी पेन्सिलीची दोन्ही टोके छिलून मोटार वाइंडिंगच्या दुकानातल्या मल्टिमीटरच्या दोन पिना त्यांवर टेकवल्या, तर काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत रोध दिसतो. शिशातली चिकणमाती निरोधकच असते. वीज वाहते ती ग्रॅफाइटमधून, आणि ग्रॅफाइट हा अर्धधातू आहे. पिना थोड्या दाबल्या की आकडा बदलतो, हेही त्याच वेळी दिसेल. त्याचे कारण पुढे येणार आहे.

आता रेणूंकडे. नॅप्थॅलीनसारख्या रेणूत भरलेली सर्वांत वरची पातळी आणि रिकामी सर्वांत खालची पातळी यांच्यात काही इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (हे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे एकक) अंतर असते, तर रेणूंच्या स्फटिकात पट्ट्याची रुंदी सहसा अर्ध्या किंवा फार तर एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच राहते. खोलीच्या तापमानाची उष्णता इलेक्ट्रॉनाला देऊ शकते ती ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इतक्या अपुऱ्या बळावर ती दरी ओलांडली जात नाही. मग दोन वाटा उरतात. एक तर भरलेल्या पट्ट्यातून काही इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायचे, किंवा रेणूच असा घडवायचा की त्या दोन पातळ्या मुळातच जवळ येतील.

पहिली वाट आधी चोखाळली गेली. १९५४ साली जपानमध्ये आकामात्सु, इनोकुची आणि मात्सुनागा यांनी पेरिलीन या सेंद्रिय रेणूवर ब्रोमीनची प्रक्रिया करून चांगला वाहक पदार्थ मिळवला, पण तो टिकाऊ नव्हता. खरे वळण १९७३ मध्ये आले. टीटीएफ, म्हणजे टेट्राथायाफुल्व्हॅलीन, या रेणूत चार गंधक अणू असतात आणि तो इलेक्ट्रॉन देण्यास राजी असतो. टीसीएनक्यू हा रेणू इलेक्ट्रॉन घेण्यास उत्सुक असतो. दोन्ही एकत्र स्फटिकरूप झाले की प्रत्येक जातीचे रेणू आपापल्या वेगळ्या चळती रचतात. टीटीएफच्या प्रत्येक रेणूकडून सरासरी ०.५९ इलेक्ट्रॉन टीसीएनक्यूकडे जातो. म्हणजे एका चळतीत होल आणि दुसरीत इलेक्ट्रॉन मोकळे होतात. गंधकाचे मोठे, पसरट इलेक्ट्रॉनमेघ येथे कामी येतात, कारण चळतीतल्या वरच्या-खालच्या रेणूंचे मेघ त्यांच्यामुळेच एकमेकांत पुरेसे मिसळतात. या स्फटिकाची वाहकता खोलीच्या तापमानाला चळतीच्या दिशेने काहीशे सीमेन्स प्रति सेंटीमीटर असते आणि थंड करत गेल्यास ६० केल्विनच्या आसपास ती १० हजारांच्या पुढे जाते. मात्र ५४ केल्विनवर, म्हणजे उणे २१९ अंश सेल्सिअसवर, वाहकता अचानक कोसळते. एकाच दिशेच्या रांगेत वाहणारे इलेक्ट्रॉन आणि रेणूंची जाळी मिळून एक लयबद्ध विकृती स्वीकारतात, त्यामुळे पट्ट्यात दरी पडते आणि धातूचा निरोधक होतो. एकमितीय धातू या कारणाने अस्थिर असतो, हे रुडॉल्फ पायर्ल्स यांनी अशा पदार्थांच्या फार आधी दाखवून दिले होते. यातून संशोधकांनी घेतलेला बोध साधा होता : वीज एका ओळीतून न वाहता पृष्ठावर किंवा तिन्ही दिशांनी वाहील अशी रचना शोधायची.

त्या शोधात बीईडीटी-टीटीएफ हा रेणू हाती आला. त्याच्यात आठ गंधक अणू असतात आणि कडेचे गंधक शेजारच्या चळतीलाही स्पर्श करतात, त्यामुळे रेणूंचा एक अखंड थर तयार होतो. त्याच्या आयोडीनसह बनणाऱ्या क्षारांपैकी एकाला अल्फा रूप म्हणतात. त्यात वीज वाहणारे रेणूंचे थर आणि तीन-तीन आयोडीन अणूंच्या आयनांचे निरोधक थर आलटून-पालटून येतात. साध्या दाबाखाली हा स्फटिक १३५ केल्विनपर्यंत बऱ्यापैकी वाहक असतो आणि त्याखाली निरोधक होतो, कारण विद्युतभार काही रेणूंवर जास्त व काहींवर कमी असा वाटला जाऊन जागच्या जागी गोठतो. येथवर ही कथा टीटीएफ-टीसीएनक्यूसारखीच आहे. पण स्फटिकावर सुमारे १.५ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या १५ हजार पट दाब दिला, की गोठणे थांबते आणि एक विलक्षण गोष्ट घडते. खोलीच्या तापमानापासून जवळपास २ केल्विनपर्यंत थंड करूनही थरांच्या दिशेचा रोध फारसा बदलत नाही. आलेखावर जवळजवळ आडवी रेषा येते. ही रेषा पाहून येथे काहीच घडत नाही असे एखाद्याला वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही.

प्रत्यक्षात तेवढ्या तापमानपट्ट्यात वाहकांची संख्या लाखो पटींनी घटते आणि चलनक्षमता जवळजवळ तितक्याच पटींनी वाढते. दोन प्रचंड बदल एकमेकांना झाकतात आणि गुणाकार तेवढाच राहतो. याचे स्पष्टीकरण २००६ च्या सुमारास जपानी सिद्धान्तकारांच्या गणितातून पुढे आले. या स्फटिकात दाबाखाली भरलेला पट्टा आणि रिकामा पट्टा एकमेकांवर चढतही नाहीत आणि दूरही राहत नाहीत, तर केवळ एका बिंदूत टेकतात, आणि त्या बिंदूपासून ऊर्जा संवेगाबरोबर सरळ रेषेत वाढते. ग्रॅफाइटच्या एकेरी थरात, म्हणजे ग्राफिनमध्ये, हेच दृश्य दिसते. तेथे ते षट्कोनी जाळीच्या सममितीमुळे येते, येथे मात्र ते रेणूंच्या विशिष्ट तिरक्या मांडणीतून, एका अर्थी योगायोगाने, साधते. अशा वाहकांना डिरॅक इलेक्ट्रॉन म्हणतात. टेकण्याच्या बिंदूपाशी उपलब्ध अवस्था फारच थोड्या असल्यामुळे तापमान उतरले की उष्णतेने मोकळे होणारे वाहकही कमी होतात, आणि द्विमितीय थरात ही घट तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. दुसरीकडे, विखुरला जाणारा इलेक्ट्रॉन कोठेतरी रिकाम्या अवस्थेत जावा लागतो. त्या अवस्थाच कमी झाल्या तर विखुरणेही कमी होते आणि उरलेले वाहक अधिक दूरवर अडथळ्याशिवाय जातात. एकच कारण संख्येला खाली ओढते आणि चलनक्षमतेला वर नेते, म्हणून त्यांचा हिशेब जुळून येतो. माझ्या मते रेणवीय वाहकांच्या साऱ्या अभ्यासातला हा सर्वांत देखणा भाग आहे, आणि अतिवाहकतेच्या बातम्यांपुढे तो नेहमीच झाकोळला जातो. अतिवाहकताही, म्हणजे रोध पूर्णपणे नाहीसा होणेही, या कुळात आहे, हे जाता जाता नोंदवतो : १९७९ मध्ये फ्रान्समधील जेरोम आणि डेन्मार्कमधील बेखगार्ड यांच्या गटांनी गंधकाऐवजी सेलेनियम असलेल्या अशाच एका क्षारात, दाबाखाली आणि सुमारे १ केल्विनवर, ती प्रथम पाहिली.

रोध आडवा असताना आतली संख्या घटली, हे कळते कसे? येथे १८७९ साली एडविन हॉल यांनी शोधलेला परिणाम उपयोगी पडतो. स्फटिकातून प्रवाह सोडून त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले की वाहक एका बाजूला ढकलले जातात आणि आडव्या दिशेने थोडा विद्युतदाब निर्माण होतो. एकाच जातीचे वाहक असतील तर ते जितके कमी तितका हा दाब मोठा, म्हणजे संख्या स्वतंत्रपणे हाती लागते, आणि मग रोधाच्या आकड्यावरून चलनक्षमता काढता येते. अर्धधातूत मात्र एक मेख आहे. इलेक्ट्रॉन आणि होल दोघेही एकाच बाजूला ढकलले जातात आणि त्यांचे भार विरुद्ध असल्याने आडवा दाब अंशतः कटतो. त्यामुळे तो लहान आला की वाहक भरपूर आहेत, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. अल्फा क्षारात तर अतिशीत अवस्थेत वाहक इतके थोडे उरतात की आयोडीनच्या थरातील दहा लाखांत काही भाग इतक्या अत्यल्प उणिवेनेही इलेक्ट्रॉनांचे पारडे जड की होलांचे हे ठरते, आणि एका नमुन्यात हॉल दाबाचे चिन्ह उलटते तर दुसऱ्यात उलटत नाही.

ही मोजमापे ज्यावर होतात तो स्फटिक मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांब, काळा आणि चकचकीत असतो. तो वाढवण्यासाठी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे काचपात्र घेतात, दोन्ही पायांत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड ठेवतात आणि द्रावणातून मायक्रोअँपिअरच्या घरातला प्रवाह आठवडा-दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ सोडून ठेवतात. घाई केली तर स्फटिकाऐवजी भुकटी मिळते. मग सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक चार सोन्याच्या तारा कार्बनच्या किंवा सोन्याच्या लेपाने त्यावर चिकटवतात. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांमधला विद्युतदाब वाचायचा. पेन्सिलीवर पिना दाबल्यावर आकडा बदलला, कारण दोन पिनांच्या मोजणीत टेकण्याच्या जागेचा रोधही मोजला जातो. चार तारांच्या पद्धतीत दाब वाचणाऱ्या तारांतून प्रवाह जवळपास जातच नाही, म्हणून त्यांच्या जोडाचा रोध आकड्यात शिरत नाही. थंड करताना स्फटिक आणि लेप वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, एखादी बारीक चीर पडते आणि आलेखात मधेच पायरी उमटते. ती पदार्थाचा गुण मानायची की नमुन्याचा दोष, हे ठरवण्यासाठी दुसरा स्फटिक घेऊन सारे पुन्हा करण्याखेरीज गत्यंतर नसते.

दुसऱ्या वाटेने, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव न करता एकाच जातीच्या रेणूंपासून धातू बनवण्याच्या वाटेने, यश २००१ मध्ये मिळाले. अकिको कोबायाशी, हायाओ कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यभागी निकेल आणि दोन्ही बाजूंना गंधकाने भरलेली सपाट पंखांसारखी संयुगे असलेला रेणू घडवला. त्याच्या दोन्ही पंखांवरच्या पातळ्या एकमेकींशी निकेलमार्गे अगदी थोड्या जोडल्या जातात, त्यामुळे भरलेली वरची पातळी आणि रिकामी खालची पातळी यांच्यातले अंतर आधीच लहान राहते; स्फटिकात दोन्हींचे पट्टे तिन्ही दिशांनी पसरून एकमेकांवर चढतात. अर्धधातूची व्याख्या येथे जशीच्या तशी लागू पडते. बाहेरून कोणताही आयन नसल्याने इलेक्ट्रॉन आणि होल बरोबरीने असतात. खोलीच्या तापमानाला वाहकता सुमारे ४०० सीमेन्स प्रति सेंटीमीटर, म्हणजे तांब्याच्या दीड हजारांश, आणि ०.६ केल्विनपर्यंत थंड करूनही स्फटिक धातूच राहतो. ५४ केल्विनवर कोसळणाऱ्या टीटीएफ-टीसीएनक्यूच्या तुलनेत तिन्ही दिशांच्या जोडणीने काय साधले, हे एवढ्यावरून कळावे. तांब्याशी तुलना करून हा पदार्थ कमी लेखण्यात मात्र अर्थ नाही, कारण कृषिपंपाची केबल बनवण्यासाठी तो कोणी घडवलेला नाही. पट्ट्यांतले अंतर रेणूच्या रचनेतून हवे तसे ठरवता येते का, हा खरा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे पुढचे उत्तर पॅलॅडियम असलेल्या एका रेणूने दिले. रेइझो कातो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की साध्या दाबाखाली निरोधक असलेला हा एकजातीय स्फटिक हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये १२.६ गिगापास्कलपर्यंत दाबला, तर त्याचा रोध मोठ्या तापमानपट्ट्यात जवळजवळ स्थिर होतो. पट्टे येथे सुट्या बिंदूंत न टेकता संवेगाच्या त्रिमितीय अवकाशातून जाणाऱ्या एका सलग रेषेवर टेकतात. इतक्या दाबाखाली तारा जोडणे आणि त्या तुटू न देणे हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना करता येते. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, प्लॅटिनम असलेल्या अशाच एका रेणूत बिआओ झोउ, अकिको कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे टेकलेले पट्टे साध्या वातावरणीय दाबाखालीच मिळाले, आणि तेथेही रोधाची रेषा जवळजवळ आडवीच आली.